टेलिस्कोपच्या डेटातून पृथ्वीएवढा ग्रह शोधताय? आधी तारा बघा, डिप नंतर

लोक मला ताऱ्याच्या उजेडाचे ग्राफ पाठवतात. ठिपक्यांचा एक आडवा पट्टा असतो, मध्येच छोटासा खळगा म्हणजे डिप असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "पृथ्वीएवढा वाटतोय, बघ ना जरा." मी विचारतो, ताऱ्याची त्रिज्या किती धरलीस? "माहीत नव्हती, सूर्याएवढीच धरली." फ्लॅटन करताना, म्हणजे ताऱ्याची हळू चढउतार सपाट करताना, विंडो (एका वेळी घ्यायचा डेटाचा तुकडा) किती ठेवलीस? "डिफॉल्ट." त्याच पिक्सेलमध्ये आणखी कुठले तारे आहेत? यावर उत्तरच येत नाही. बहुतेकांचा कोड ठीक असतो, गणितही ठीक असतं, फक्त क्रम उलटा असतो म्हणजे आधी डिप शोधला, मग त्याच्या प्रेमात पडले आणि मग तारा कुठला ते बघितलं. पृथ्वीएवढ्या ग्रहाचा सिग्नल इतका बारीक असतो की या उलट्या क्रमात तो हमखास हातातून निसटतो, नाहीतर जो नाहीच तो दिसायला लागतो.

इथे फक्त ट्रान्झिटची पद्धत घेतोय, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो ती, ज्याला आपण अधिक्रमण म्हणतो. डेटा केपलर आणि टेस या दोन अवकाश दुर्बिणींचा. दोन्हींचा डेटा मास्ट नावाच्या अर्काइव्हवर फुकट मिळतो.

## ०. हाताशी काय हवं

साधा लॅपटॉप, पायथॉन आणि त्यात लाइटकर्व्ह ही लायब्ररी. डिप शोधायची बीएलएस ही पद्धत लाइटकर्व्हमध्येच आहे, पुढे टीएलएस ही दुसरी पद्धत वेगळी घालता येते (दोन्ही सहाव्या पायरीत). एक वही पण ठेवा. कुठल्या ताऱ्यावर कुठली सेटिंग वापरली हे लिहून ठेवलं नाही तर आठवड्याने तुम्हालाच तुमचा डिप परत सापडणार नाही, हे मी स्वतः भोगलंय.

आणि पहिल्याच दिवशी नवा ग्रह शोधायला जाऊ नका. सरावाला केपलर-१० घ्या, केपलरच्या कॅटलॉगमध्ये केआयसी ११९०४१५१. त्याचा ग्रह केपलर-१०बी दर ०.८३७५ दिवसांनी फेरी मारतो, म्हणजे साधारण २० तासांनी, डिपची खोली १५२ पीपीएमच्या आसपास आणि एक डिप जेमतेम पावणेदोन तासांचा. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. हा ग्रह पृथ्वीच्या दीडपट आहे, अगदी पृथ्वीएवढा नाही, पण उत्तर आधीच माहीत असल्यामुळे आपली पद्धत बरोबर चालतेय का ते कळतं. हा सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

## १. तारा निवडा आणि त्याची त्रिज्या पक्की करा

डिपची खोली म्हणजे ग्रहाची त्रिज्या भागिले ताऱ्याची त्रिज्या आणि त्याचा वर्ग. बास, एवढंच. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर ८४ पीपीएम. तीच पृथ्वी सूर्याच्या निम्म्या त्रिज्येच्या ताऱ्यासमोर ३३५ पीपीएम, ०.३ पट त्रिज्येच्या लाल बटू ताऱ्यासमोर ९३० आणि ०.२ पट असेल तर २,१०० च्या आसपास. ग्रह तोच, पण सिग्नल पंचवीसपट मोठा झाला. त्यामुळे टेसच्या डेटात पृथ्वीएवढं काही शोधायचं असेल तर लाल बटूच घ्या, सूर्यासारख्या ताऱ्यावर टेसमधून ८४ पीपीएम शोधत बसणं म्हणजे वाळूत साखर वेचणं.

त्रिज्या कुठून घ्यायची? टेसचा टीआयसी कॅटलॉग चांगली सुरुवात आहे पण डोळे मिटून घेऊ नका. टीओआय-७०० या ताऱ्याचं उदाहरण बघा. टेसच्या कॅटलॉगमध्ये हा तारा सुरुवातीला प्रत्यक्षापेक्षा मोठा आणि जास्त सूर्यासारखा नोंदला गेला होता, त्यामुळे त्याचे ग्रहही मोठे आणि तापलेले दिसत होते. ताऱ्याचे आकडे दुरुस्त झाले आणि त्यातला एक ग्रह, ३७ दिवसांत फेरी मारणारा टीओआय-७०० डी, पृथ्वीपेक्षा थोडाच मोठा आणि वर हॅबिटेबल झोनमध्ये (पाणी द्रव राहू शकेल अशा अंतरावर) निघाला. डिपमध्ये काडीचा फरक पडला नव्हता, बदलला तो तारा.

गाया या तारे मोजणाऱ्या यानाने दिलेलं अंतर आणि ताऱ्याचा रंग घेऊन त्रिज्या पडताळून बघा. गायाच्या टेबलात रूवे नावाचा एक आकडा असतो, तो १.४ च्या वर असेल तर ताऱ्याला जोडीदार असायची शंका घ्या. शंकाच, खात्री नाही.

तपासा: तारा बटूच आहे ना, का म्हातारा फुगलेला राक्षसी तारा आहे? राक्षसी ताऱ्यावर पृथ्वीएवढा ग्रह शोधण्यात वेळ घालवू नका.

## २. दिसेल का याचा हिशेब आधी करा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. डेटा उघडायच्या आधी कागदावर बघायचं की या ताऱ्यावर पृथ्वीएवढा ग्रह असलाच तर तो दिसेल का.

तीन गोष्टी लागतात: खोली, एका डिपच्या कालावधीत किती नॉईज (उजेडाची नको असलेली चढउतार) आहे, आणि एकूण किती डिप मिळणार. खोली भागिले नॉईज, गुणिले डिपच्या संख्येचं वर्गमूळ. केपलरच्या टीमने उंबरठा ७.१ ठेवला होता आणि किमान तीन डिप. आपणही तेच ठेवू.

आता खरी पृथ्वी, खरा सूर्य घेऊन बघा. केपलर १२ मॅग्निट्यूडच्या (मॅग्निट्यूड म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ताऱ्यावर साडेसहा तासांत २० पीपीएम नॉईज देईल असं धरून बनवला होता, पण तारेच अपेक्षेपेक्षा जास्त चुळबुळे निघाले आणि प्रत्यक्षात ३० च्या आसपास आला. पृथ्वीचा ट्रान्झिट १३ तासांचा, म्हणजे दुप्पट वेळ, म्हणून नॉईज २१. ८४ भागिले २१ म्हणजे एका डिपला ४. वर्षाला एक याप्रमाणे तीन वर्षांचे तीन डिप झाले तर ६.९, म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडेच धाप लागली. चौथा मिळाला तर ७.९. दहा पीपीएमच्या फरकाने एक अख्खं वर्ष जास्त लागलं, बघा! आणि मे २०१३ मध्ये यान स्थिर धरणाऱ्या चाकांपैकी दुसरं रिॲक्शन व्हील बिघडलं आणि चार वर्षांवर ते निरीक्षण थांबलं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभराच्या कक्षेतली पृथ्वी केपलरच्या डेटात इतकी अवघड का, ते या चार आकड्यांत आलं.

टेसचा हिशेब असा. समजा ०.३ पट त्रिज्येचा लाल बटू घेतला आणि तुमच्या लाइट कर्व्हमध्ये (वेळेनुसार उजेडाच्या ग्राफमध्ये) तासाभराचा नॉईज ४०० पीपीएम आला. पाच दिवसांच्या कक्षेत डिप साधारण १.४ तासांचा, म्हणजे तेवढ्या वेळाचा नॉईज ३४०. खोली ९३०, एका डिपला पावणेतीन. टेस आकाशाचा एक पट्टा साधारण २७ दिवस बघतो, त्याला सेक्टर म्हणतात, त्यात पाच डिप, म्हणजे ६.२. पुरेसं नाही. दोन सेक्टर जोडले की ८.७, आता बोला. म्हणजे तारा निवडताना किती सेक्टरमध्ये दिसलाय हे आधीच बघायचं, नंतर नाही.

सावधान: नॉईज मोजताना प्रत्येक पॉइंटचा नॉईज घेऊन पॉइंटच्या संख्येच्या वर्गमुळाने भागू नका. ताऱ्याची हळूहळू होणारी चढउतार त्याने जात नाही आणि आकडा फसवा छान येतो. डेटाचे डिपच्या कालावधीएवढे तुकडे करून प्रत्येकाची सरासरी घ्या (बिन करा) आणि त्या तुकड्यांचा विखुरलेपणा मोजा. लाइटकर्व्हमध्ये हाच नॉईज मोजणारं सीडीपीपीचं फंक्शन आहे, झटपट अंदाजाला ते चालतं.

आणि एक, कक्षा बरोबर आडवी असायला हवी, तरच ग्रह समोरून जातो. पृथ्वी-सूर्य जोडी कुठल्यातरी दिशेने बघितली तर ही शक्यता दोनशेत एक. त्यामुळे एका ताऱ्यावर काही दिसलं नाही याचा अर्थ तिथे ग्रह नाही असा होत नाही.

## ३. डेटा उतरवताना

टेसची २ मिनिटांची फाइल असेल तर ती घ्या, नसेल तर कॅमेऱ्याच्या पूर्ण चित्रांमधून (फुल फ्रेम) स्वतः लाइट कर्व्ह काढावा लागतो. फाइलमध्ये दोन प्रकारचा उजेड असतो: सॅप म्हणजे पिक्सेल बेरीज करून आलेला कच्चा आणि पीडीसी-सॅप म्हणजे दुर्बिणीचे दोष काढलेला. शोधायला पीडीसी-सॅप वापरा, पण सॅप पण शेजारी उघडा ठेवा, पुढे लागतो. टार्गेट पिक्सेल फाइलही (ताऱ्याभोवतीच्या पिक्सेलची चित्रं) आत्ताच उतरवा. सगळे ती शेवटी उतरवतात आणि तोवर मनाने ग्रह पक्का करून मोकळे झालेले असतात.

वेळेच्या आकड्यांत एक खोडा आहे. केपलरच्या फाइलमधली वेळ ज्युलियन तारखेतून २४५४८३३ वजा करून येते आणि टेसची २४५७००० वजा करून. दोन्ही दुर्बिणींचा डेटा एकत्र करत असाल तर २१६७ दिवसांचा फरक घालायला विसरू नका, नाहीतर पिरियड जुळतच नाही आणि माणूस कोडमधली चूक शोधत बसतो.

तपासा: प्रत्येक सेक्टर वेगवेगळा नॉर्मलाइझ केलाय ना (म्हणजे त्याचा सरासरी उजेड १ धरलाय ना)? आधी जोडून मग नॉर्मलाइझ केलं तर सांध्यावर पायरी उरते आणि शोधणाऱ्या प्रोग्रॅमला पायऱ्या फार आवडतात.

## ४. साफसफाई, पण हात आवरून

इथे सगळ्यात जास्त ग्रह मारले जातात.

तारे फिरतात, त्यांच्यावर डाग असतात, लाल बटूंवर फ्लेअर म्हणजे उजेडाचे भडके उठतात, हे सगळं सपाट करावं लागतं. लाइटकर्व्हमध्ये त्यासाठी फ्लॅटन आहे आणि त्याची डिफॉल्ट विंडो १०१ पॉइंटची. केपलरचा एक पॉइंट २९.४ मिनिटांचा, म्हणजे १०१ पॉइंट झाले दोन दिवस, ठीक आहे. टेसचा पॉइंट २ मिनिटांचा, म्हणजे तीच विंडो झाली ३ तास २२ मिनिटं! तुमचा डिप असेल तीन तासांचा तर फ्लॅटन त्यालाच ताऱ्याची चढउतार समजून भरून काढतं, खळगा गायब. वर ग्राफ इतका सुंदर सपाट दिसतो की माणूस खूश होतो. तोच कोड केपलरवर चालला म्हणून टेसवर चिकटवला, एवढीच चूक, पण मी बघितलेल्या फसलेल्या प्रयत्नांत ही सगळ्यात वर.

विंडो पॉइंटमध्ये मोजू नका, तासांमध्ये मोजा, आणि अपेक्षित डिपच्या किमान तिप्पट ठेवा. तीन तासांच्या डिपला नऊ-दहा तास. मग त्याचे पॉइंट करा आणि आकडा विषम ठेवा.

दुसरी चूक म्हणजे आउटलायर, म्हणजे भलतीकडे पडलेले पॉइंट, काढणं. वरचे आणि खालचे दोन्ही बाजूंचे काढले तर खालच्या बाजूला डिपच असतात. वरचे बिनधास्त काढा (फ्लेअर जातात), खालच्यांना हात लावू नका, निदान मर्यादा खूप ढिली ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे यानाचे झटके. टेसला रिॲक्शन व्हीलचा वेग उतरवायला अधूनमधून थ्रस्टर चालवावे लागतात, त्याला मोमेंटम डंप म्हणतात, आणि तेवढा वेळ तारा पिक्सेलवर हलतो. माझा आयुष्यातला पहिला "ग्रह" बरोबर अडीच दिवसांनी यायचा, इतका नेटका की मी दोन रात्री झोपलो नाही. सुरुवातीच्या सेक्टरमध्ये मोमेंटम डंपही अडीच दिवसांनीच होत असत. फाइलमधल्या खराब वेळा दाखवणारे क्वालिटी फ्लॅग मी वाचलेच नव्हते. तेव्हापासून फ्लॅग लागलेल्या वेळांवर ग्राफमध्ये उभ्या लाल रेघा मारतो आणि मगच बाकी बघतो.

सेक्टरच्या मध्ये डेटा पाठवण्याचा गॅप असतो, त्याच्या दोन्ही काठांवर आणि पृथ्वी-चंद्राचा उजेड कॅमेऱ्यात शिरतो तेव्हा लाइट कर्व्ह वाकडातिकडा होतो. तिथला अर्धा-एक दिवस कापून टाका, जीव नका लावू.

## ५. खोटा ग्रह टाकून बघा

शोध सुरू करायच्या आधी कच्च्या डेटात तुम्हीच एक ग्रह मिसळा. खोली आणि पिरियड तुमच्या मनाने, दुसऱ्या पायरीत काढलेल्या आकड्यांच्या आसपास. मग साफसफाई आणि शोध सगळं चालवा. सापडला का? खोली किती परत मिळाली? ९३० टाकले आणि ५०० परत आले तर तुमची साफसफाई निम्मा ग्रह खातेय.

खोटा डिप फ्लॅटनच्या आधी मिसळायचा, नंतर नाही. नंतर मिसळला तर तो नेहमीच सापडतो, त्यात काय मोठं. वेगवेगळ्या पिरियडचे पन्नासेक तरी टाकून बघा, लॅपटॉप तासभर घुमेल, घुमू दे.

## ६. आता शोध

बीएलएस म्हणजे चौकोनी खळगा घेऊन प्रत्येक पिरियडवर तो कुठे बसतो का ते बघणं. टीएलएस तेच करतं पण खऱ्या ट्रान्झिटच्या गोलसर आकाराने, त्यामुळे छोट्या ग्रहांना ते थोडं जास्त संवेदनशील आहे आणि बरंच हळू. मी आधी बीएलएस लावतो आणि काही आशा दिसली तर टीएलएस.

पिरियडची जाळी पुरेशी बारीक हवी, आणि इथे अंदाज साफ चुकतो. केपलरच्या चार वर्षांत दहा दिवसांच्या ग्रहाच्या १४६ फेऱ्या होतात. पिरियड फक्त एका मिनिटाने चुकला तर शेवटच्या फेरीपर्यंत चूक २ तास २६ मिनिटांची होते, म्हणजे तीन तासांचा डिप जवळपास पुसला गेला. दहा मिनिटांनी चुकला तर पूर्ण एक दिवस. म्हणून जाळी पिरियडमध्ये सारखी न ठेवता फ्रिक्वेन्सीमध्ये सारखी ठेवा, आणि डेटा जितका लांब तितकी बारीक.

डिपचा कालावधीही वाटेल तो ठेवू नका. सूर्यासारख्या ताऱ्यावर वर्षाच्या कक्षेला १३ तास, तिथून पिरियडच्या घनमुळाने तो कमी होत जातो आणि तारा जितका दाट तितका आणखी कमी. लाल बटूवर पाच दिवसांच्या पिरियडला आठ तासांचा डिप सापडला तर तो ग्रह नाही, किंवा तुमचा तारा लाल बटू नाही.

जास्तीत जास्त पिरियड डेटाच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे एका सेक्टरला नऊ दिवस. एकच डिप दिसला तर वहीत लिहा आणि पुढे चला.

एक ग्रह सापडला की त्याचे डिप झाकून परत शोधा. केपलर-१० लाही ४५ दिवसांचा दुसरा ग्रह आहे, पहिल्याच्या दंग्यात तो दिसत नाही.

तपासा: साफ केलेला लाइट कर्व्ह उलटा करा, वरचं खाली, आणि तोच शोध परत लावा. उलट्या डेटात ग्रह असू शकत नाही. तिथेही ७-८ चा सिग्नल मिळत असेल तर तुमचा उंबरठा या ताऱ्याला पुरेसा नाही.

## ७. डिपला मारायचा प्रयत्न करा

इथून पुढे तुम्ही डिपचे वकील नाही, विरुद्ध बाजूचे वकील आहात. हा ग्रह नाही हे सिद्ध करायला जे जे करता येईल ते करायचं आणि तरी उरला तर मग बघू.

सम-विषम. एक सोडून एक डिप वेगळे काढा आणि दोन्ही गटांची खोली बघा. फरक असेल तर ते दोन तारे एकमेकांना झाकतायत आणि खरा पिरियड दुप्पट आहे. बारीक डिपमध्ये खोलीचा एरर मोठा असतो, त्यामुळे "थोडा फरक वाटतो" चालणार नाही, एररसकट आकडे काढा.

दुसरा खळगा. फोल्ड केलेल्या, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवलेल्या, ग्राफमध्ये (फेज म्हणजे फेरीतली जागा) मुख्य डिपच्या समोर, म्हणजे अर्ध्या फेजला, छोटा खळगा आहे का? असला तर मागचा तारा स्वतः उजेड देतोय. लंबगोल कक्षा असेल तर हा अर्ध्यावर नसतो, म्हणून सगळी फेज बघा.

आकार. ग्रहाचा डिप सपाट बुडाच्या कटोऱ्यासारखा, दोन ताऱ्यांच्या झाकाझाकीचा बहुतेकदा व्हीसारखा. पण ८४ पीपीएमला आकार कळणं मुश्किल, त्यामुळे यावर फार भिस्त नको.

आता खरा चोर. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्कसेकंदांचा आहे, केपलरचा ४ चा. टेसच्या एका पिक्सेलमध्ये अख्खी वस्ती असते. त्यातला एखादा मंद तारा जर दोन ताऱ्यांची झाकाझाकी असेल, स्वतः निम्म्याने मंद होत असेल, तर त्याचा खोल खळगा तुमच्या तेजस्वी ताऱ्याच्या उजेडात मिसळून पृथ्वीएवढा दिसतो. किती मंद तारा हे करू शकतो? ८४ पीपीएमचा डिप बनवायला तुमच्या ताऱ्यापेक्षा साडेनऊ मॅग्निट्यूडने मंद तारा पुरतो! १,००० पीपीएमला पावणेसात. म्हणजे डिप जितका छोटा तितके संशयित जास्त. गायामधून दोन-तीन पिक्सेलच्या परिसरातले या मर्यादेतले सगळे तारे काढा आणि यादी करा.

मग टार्गेट पिक्सेल फाइल उघडा. डिपच्या बाहेरच्या चित्रांची सरासरी घ्या, डिपमधल्या चित्रांची घ्या, पहिल्यातून दुसरी वजा करा. जो उजेड कमी झाला तो नक्की कुठल्या जागेवर कमी झाला ते या फरकाच्या चित्रात दिसतं. तुमच्या ताऱ्यावरच असेल तर छान. बाजूच्या पिक्सेलकडे सरकला असेल तर नमस्कार करा आणि पुढचा तारा घ्या. सोपी आवृत्ती म्हणजे अपर्चर (बेरजेला घेतलेले पिक्सेल) लहान-मोठं करून खोली मोजा, अपर्चर वाढवल्यावर खोली वाढत गेली तर चोर शेजारी आहे.

बॅकग्राउंडही बघा. एखादा लघुग्रह त्या पिक्सेलमधून गेला तर बॅकग्राउंड वर जातो आणि तो वजा करताना ताऱ्यात खोटा खळगा पडतो. सॅप आणि बॅकग्राउंड एकाखाली एक काढले की लगेच कळतं.

आणि पिरियडकडे संशयाने बघा. केपलर सूर्याभोवती ३७२ दिवसांत फिरायचा आणि दर तीन महिन्यांनी स्वतःला ९० अंश वळवायचा, त्यामुळे साधारण वर्षाने तारा परत त्याच डिटेक्टरवर यायचा, आणि तो डिटेक्टर दोषी असेल तर ३७२ दिवसांच्या आसपास खोट्या सिग्नलांची जत्रा भरते. पृथ्वीसारख्या कक्षेचा ग्रह शोधणाऱ्यांना नेमका हाच पिरियड हवा असतो. टेसमध्ये १३.७ दिवस लक्षात ठेवा, ती यानाची पृथ्वीभोवतीची फेरी.

तपासा: प्रत्येक डिप स्वतंत्र काढून बघा, फोल्ड न करता. एकट्या डिपमध्ये काही दिसणार नाही कदाचित, पण सगळा सिग्नल दोनच डिपमधून येतोय आणि बाकीचे सपाट आहेत असं असेल तर ते तिथेच कळतं.

## ८. आकार काढताना

उरला का डिप? मग आता आकार. खोलीचं वर्गमूळ गुणिले ताऱ्याची त्रिज्या. केपलर-१० वर करून बघा: १५२ पीपीएमचं वर्गमूळ ०.०१२३, तारा सूर्याच्या १.०६५ पट, सूर्य पृथ्वीच्या १०९ पट, गुणाकार येतो १.४३. छापील आकडा १.४७ आहे. हा फरक का, तर ताऱ्याची कड मधल्या भागापेक्षा मंद असते आणि ग्रह नेमका कुठून गेला यावर खोली बदलते, नीट मॉडेल बसवलं की तो भरून निघतो. अंदाजाला वर्गमूळ चालतं, जाहीर करायला नाही.

शेजारच्या ताऱ्यांचा उजेड मिसळला असेल तर डिप उथळ दिसतो आणि ग्रह लहान वाटतो. पीडीसी-सॅपमध्ये कॅटलॉगमधल्या शेजाऱ्यांची दुरुस्ती आधीच केलेली असते. ती तुम्ही परत करू नका. पण स्वतः पिक्सेलमधून लाइट कर्व्ह काढला असेल तर मात्र करावीच लागते. कोणालाच माहीत नसलेला जोडीदार असेल, समजा तेवढाच तेजस्वी, तर ग्रह प्रत्यक्षात १.४ पट मोठा असतो. १.० चा १.४ झाला, मग कसली पृथ्वी.

साधारण १.२५ पट त्रिज्येपर्यंत पृथ्वीएवढा म्हणतात, पण एररसकट. १.१ अधिक-उणे ०.४ असं लिहून "पृथ्वीएवढा" म्हणू नका. आणि एवढा म्हणजे सारखा नव्हे, वस्तुमान आपल्याला अजून माहीतच नाही.

## ९. पुढे कोणाकडे

आधी नासाच्या एक्झोप्लॅनेट अर्काइव्हवर आणि एक्सोफॉप या उमेदवारांच्या नोंदींच्या साइटवर बघा की तो आधीच कोणाला सापडलाय का. बहुतेकदा सापडलेला असतो. वाईट वाटून घेऊ नका, म्हणजे पद्धत बरोबर आहे.

नसेल तर तो उमेदवार आहे, ग्रह नाही. जमिनीवरच्या दुर्बिणीतून ८४ पीपीएम दिसणार नाहीत, पण तिथून वेगळं काम होतं: डिपच्या वेळी यादीतला शेजारचा मंद तारा खोलवर झाकला जातोय का ते बघणं. ते चांगल्या हौशी दुर्बिणीलाही जमतं. मग जवळचा जोडीदार शोधायला हाय रेझोल्यूशन चित्रं आणि मग स्पेक्ट्रम. वस्तुमानाचं मात्र विचारू नका, ते ग्रह ताऱ्याला किती हलवतो यावरून मोजतात आणि पृथ्वी सूर्याला सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर हलवते. म्हणून छोट्या ग्रहांच्या बाबतीत बाकीच्या शक्यता आकडेवारीने किती कमी उरतात ते काढतात आणि त्यावर ग्रह मान्य होतो. क्वचित एखाद्याला मोठी दुर्बीण मिळते, जसं टेसने हेरलेल्या एलएचएस ४७५ बी साठी वेब अवकाश दुर्बिणीने दोन ट्रान्झिट बघितले आणि २०२३ च्या जानेवारीत तो पृथ्वीच्या ९९ टक्के व्यासाचा असल्याचं जाहीर झालं.

कोणालाही पाठवताना नुसता फोल्ड केलेला ग्राफ पाठवू नका. ताऱ्याचा नंबर, त्रिज्या आणि ती कुठून घेतली, वापरलेले सेक्टर, फ्लॅटनची विंडो तासांमध्ये, पिरियड, पहिल्या डिपची वेळ कुठल्या पद्धतीत मोजलीय ते, सम-विषम खोली एररसकट, फरकाचं चित्र, आणि शेजाऱ्यांची यादी. एवढं असलं की समोरचा दहा मिनिटांत सांगतो की पुढे जायचं का नाही.